चाकें विकण्यापूर्वीं



तीन वर्षांपूर्वींच्या हिंवाळ्यांत इंग्लंडहून माझ्या एका जुन्या स्नेह्यांचें पत्र आलें. आम्ही दोघे गिरगांवांतल्या एकाच चाळींत लहानाचे मोठे झालों. पुढें ते अभियंते होऊन तिकडे गेले आणि मध्य इंग्लंडांतील एका शहरीं कायमचे राहिले. प्रकृतीच्या आणि नातवंडांच्या वार्ता संपल्यावर पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें : "बारा वर्षें मोटारीमागें ओढलेली आमची कॅराव्हॅन विकून टाकावी आणि तिच्याऐवजीं समुद्रकांठीं एक स्थिर कॅराव्हॅन घ्यावी, असें हिचें म्हणणें आहे. मला तें पटत नाहीं. पण कां पटत नाहीं तें नीट सांगतांही येत नाहीं. तूं आमच्याबरोबर दोनदां हिंडला आहेस. तुझा सल्ला कळव."

सल्ला देणें सोपें असतें. दुसऱ्याच्या निवृत्तीच्या पुंजीविषयीं सल्ला देणें तितकें सोपें नसतें. उत्तर लिहिण्यापूर्वीं मला बरेंच वाचावें लागलें आणि जाणत्यांना विचारावें लागलें. त्यांतून जें हातीं आलें तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. प्रश्न इंग्लंडांतला आहे हें खरें. परंतु आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें-भावंडें आज तिकडे नांदत आहेत, आणि नोकरी संपत आली म्हणजे त्यांच्यापैकीं कांहींच्या घरीं हाच विषय निघतो. शिवाय घर आपलें पण जमीन दुसऱ्याची, हा जो या प्रश्नाचा गाभा आहे, तो मुंबईकरांना मुळींच परका नाहीं.

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. वाळवंटांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्याला 'कारवान' म्हणत; इंग्रजींत शिरल्यावर त्याचा अर्थ फिरत फिरत चाकांवरच्या घरापाशीं येऊन थांबला. इंग्लंडांत जिप्सी लोक अशा घरांत पूर्वींपासून राहत. पण हौसेखातर असें घर बांधून घेणाऱ्यांत अग्रमान दिला जातो तो विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरांना. हे गृहस्थ आरमारांत शस्त्रवैद्य होते आणि पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहीत असत. १८८५ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथील एका कारखान्यांतून 'वाँडरर' नांवाची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि दक्षिणेंतील ट्वायफर्डहून निघून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. १९०७ सालीं अशा हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लब निघाला. पहिलें महायुद्ध संपल्यावर घोड्याची जागा मोटारीनें घेतली आणि जी चैन डॉक्टरसाहेबांपुरती होती ती हळूहळू मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली.

आज जिला फिरती कॅराव्हॅन म्हणतात ती मोटारीच्या मागें जोडावयाची. साध्या मोटारीनें ओढावयाच्या गाडीचा सांगाडा कायद्यानें ७ मीटरांहून लांब आणि २.५५ मीटरांहून रुंद असूं शकत नाहीं. तेवढ्यांत दिवसा बैठक आणि रात्रीं पलंग होणारे बांक, स्वैपाकाचा ओटा, लहानसें शीतकपाट आणि न्हाणी हें सारें बसविलेलें असतें. सामानासकट वजन दीड टनाच्या आसपास भरतें. तळावर पोहोंचल्यावर पाण्याचें पिंप नळापर्यंत ढकलीत न्यावयाचें आणि भरून आणावयाचें. सांडपाण्याचें भांडें ओतून यावयाचें. संडासाची पेटी ठराविक जागीं नेऊन स्वहस्तें रिकामी करावयाची. माझे स्नेही या कामाला "सकाळची संध्या" म्हणत, आणि ती त्यांनीं बारा वर्षें एकदांही चुकविली नाहीं.

खरें कौशल्य मात्र रस्त्यावर लागतें. अशा गाडीचें भरलेलें वजन ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असूं नये, असा तिकडील अनुभवी लोकांचा संकेत आहे. जड सामान आंसाच्या वर आणि खालीं ठेवावें लागतें. तें मागें गेलें कीं वेगांत कॅराव्हॅनचें शेपूट डोलूं लागतें आणि पाहतां पाहतां मोटारीलाही आपल्याबरोबर झुलवूं लागतें. दुहेरी मार्गावर आणि मोटारमार्गावर ताशीं ६० मैल, एकेरी रस्त्यावर ५० मैल, ही वेगाची मर्यादा. तीन पदरी मोटारमार्गाच्या सर्वांत उजव्या पदरांत जाण्यास बंदी. मागचें दिसावें म्हणून बहुतेक मोटारींना लांब दांड्याचे जादा आरसे लावावे लागतात. आणि मागें घेतांना सुकाणू ज्या बाजूस फिरवावें त्याच्या उलट बाजूस कॅराव्हॅन वळते. वहिनी मागें उभ्या राहून हातवारे करीत हांका मारीत आणि स्नेही आरशांत पाहून अंगुळाअंगुळानें गाडी जागेवर आणीत, हा देखावा मीं दोनदां पाहिला आहे. दोघांच्या संसाराची सारी शिस्त त्या दहा मिनिटांत दिसे.

वहिनींचें मन याच ठिकाणीं फिरलें होतें, हें मला पत्रांतल्या एका वाक्यावरून कळलें. त्याच्या आदल्या उन्हाळ्यांत वेल्समधील एका अरुंद, दोहोंबाजूंनीं कुंपण असलेल्या रस्त्यावर समोरून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला आणि त्यांना पाव मैल कॅराव्हॅन मागें घ्यावी लागली. वहिनींच्या गुडघ्यांना फार वेळ उभें राहणें सोसत नव्हतें. स्नेह्यांना मान पुरती वळवितां येत नव्हती. कोणास इजा झाली नाहीं, गाडीस ओरखडाही आला नाहीं. पण त्या रात्रीं दोघे एकमेकांशीं एक शब्द बोलले नाहींत. त्या वेळीं स्नेह्यांचें वय ६६ होतें. तिकडे सत्तराव्या वर्षीं मोटार चालविण्याचा परवाना नव्यानें घ्यावा लागतो आणि त्यानंतर दर तीन वर्षांनीं. परीक्षा नसते, आपली प्रकृति व दृष्टि ठीक आहे असें आपणच लिहून द्यावयाचें असतें. प्रामाणिक मनुष्याला अशी स्वतःची परीक्षा परक्याच्या परीक्षेपेक्षां कठीण जाते.

त्यांत मोटारीचाही प्रश्न होताच. त्यांची डिझेलची जुनी मोटार बदलावयास आली होती आणि मुलगा म्हणत होता, विजेची घ्या. विजेची मोटार ओढण्यास दुबळी असते असें नव्हे. पण पाठीमागें भिंतीसारखी कॅराव्हॅन लागली म्हणजे हवेचा अडथळा इतका वाढतो कीं एका भरण्यांत कापावयाचें अंतर निम्म्याच्या जवळपास येतें. शिवाय कित्येक विजेच्या मोटारींना एवढें वजन ओढण्याची मुभाच नसते. एवंच, कॅराव्हॅन ठेवावयाची तर मोटार कोणती घ्यावी हेंही कॅराव्हॅनच ठरविणार.

आतां दुसरी बाजू. स्थिर कॅराव्हॅन म्हणजे नांवाची कॅराव्हॅन. ती दहा ते चौदा फूट रुंद आणि तीस-चाळीस फूट लांब असते. तिला चाकें असतात, पण तीं कारखान्यांतून आलेलें घर मालवाहू मोटारीवरून उतरवून सिमेंटच्या ओट्यावर सरकविण्यापुरतीं. एकदां तेथें बसलें कीं घराला टेकू देतात, जमिनीशीं सांखळ्यांनीं जखडतात, नळ, वीज आणि सांडपाण्याची मोरी जोडतात. आंत दोन-तीन निजावयाच्या खोल्या, खरा पलंग, खरी न्हाणी, ऐसपैस दिवाणखाना. दारांतून शिरावें, दिवा लावावा, चहाचें आधण ठेवावें. नातवंडांना अंगण मिळतें, शेजाऱ्यांशीं वर्षानुवर्षांची ओळख होते. वहिनींना हवें होतें तें हेंच. आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें.

पण या ठिकाणीं मला आमच्या चाळीची आठवण झाली. आमच्या वडिलांनीं खोली पागडी देऊन घेतली होती. पागडी दिली म्हणजे खोली आपली झाली, असें आम्हां मुलांना वाटे. वडिलांना तसें कधीं वाटलें नाहीं. मोठी रक्कम आपण मोजावयाची, दुरुस्ती आपण करावयाची, भाडें दरमहा भरावयाचें, आणि खोली दुसऱ्याच्या नांवें करण्याची वेळ आली कीं घरमालकाचा हिस्सा आधीं बाजूस काढावयाचा. स्थिर कॅराव्हॅनचा व्यवहार बऱ्याच अंशीं असाच आहे. घराची पेटी आपण विकत घेतों. तिच्याखालची जमीन वसाहतीच्या मालकाची राहते. त्या जमिनीवर पेटी ठेवण्याची आपणांस ठराविक वर्षांची केवळ परवानगी मिळते. त्याबद्दल दरसाल जागाभाडें द्यावें लागतें आणि तें बहुधा दरसाल चढतें. घर जागेवरच विकावयाचें झालें तर किंमतीच्या सामान्यतः १५ टक्क्यांपर्यंत दलाली वसाहतीचा मालक घेतो.

साम्य येथें संपतें, आणि जो फरक उरतो तो भाडेकऱ्याच्या बाजूचा नाहीं. मुंबईच्या पागडीवाल्याच्या डोक्यावर भाडेनियंत्रणाच्या कायद्याचें छत्र होतें. १९९९ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तर पागडीच्या व्यवहारास उघड मान्यताही दिली. इंग्लंडांत १९६० सालच्या कायद्यानें वसाहतीच्या मालकास स्थानिक संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. १९८३ सालच्या कायद्यानें अशा घरांत बारमहा राहणाऱ्यांना जागेवरून सहजासहजीं न उठवितां येण्याचें संरक्षण दिलें. परंतु सुट्टीपुरत्या घरांना तें संरक्षण लागू नाहीं. तेथें काय चालेल आणि काय चालणार नाहीं तें मुख्यतः करारावर अवलंबून असतें. ग्राहकाला अन्याय्य अटींविरुद्ध दाद मागतां येते, पण ती वाट लांबची व खर्चाची. शिवाय सुट्टीपुरत्या घराला आपलें कायमचें राहतें घर म्हणतां येत नाहीं. दुसरें घर असल्याचा पुरावा मागतात. पुष्कळ वसाहती हिंवाळ्यांत कांहीं आठवडे किंवा कांहीं महिने पूर्ण बंद असतात. बंद होण्यापूर्वीं नळांतलें पाणी थेंबन् थेंब काढून टाकावें लागतें, नाहीं तर तें गोठून नळ फुटतात.

यापुढची अट अधिक महत्त्वाची आहे. करारांत बहुधा कॅराव्हॅनच्या वयाची मर्यादा घातलेली असते : कोठें दहा, कोठें पंधरा, कोठें वीस वर्षें. मर्यादा संपली कीं घर कितीही धडधाकट असलें तरी तें जागेवरून काढावें लागतें. काढून न्यावयाचें कोठें? दुसऱ्या वसाहतीचे मालक स्वतःच नवीं घरें विकतात आणि तो त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो; बाहेरून आणलेलें जुनें घर ते क्वचितच ठेवूं देतात. म्हणून करारांत उरलेल्या वर्षांबरोबर घराची किंमतही उतरत जाते आणि अखेरच्या वर्षीं ती जवळजवळ शून्य होते. जो मनुष्य हें घर "मालमत्ता" म्हणून घेतो त्याची फसगत येथें होते. घेणाराला विटा-चुन्याच्या घराची संवय असते. विटा-चुन्याच्या घराची किंमत त्याच्याखालच्या जमिनीमुळें वाढते. येथें जमीनच आपली नाहीं, मग वाढणार तें काय?

समुद्राचाही विचार केला पाहिजे, कारण या वसाहती प्रामुख्यानें किनाऱ्यांवर आहेत. यॉर्कशरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर मऊ मातीचे कडे दरसाल सरासरीनें सुमारें २ मीटर मागें हटतात, आणि कड्यालगतच्या वसाहतींना समुद्राकडील घरांची रांग वेळोवेळीं सोडून द्यावी लागते. उत्तर वेल्समधील तोविन येथें २६ फेब्रुवारी १९९० रोजीं समुद्राची भिंत फुटली आणि घरें व कॅराव्हॅनच्या वसाहती पाण्याखालीं गेल्या. वादळाचा इशारा आला म्हणजे फिरती कॅराव्हॅन जोडून निघून जातां येतें. सांखळ्यांनीं जखडलेल्या घराला जेथें आहे तेथेंच राहावें लागतें.

आतां पैशांचा हिशेब. पुढील आंकडे मीं हिशेबाच्या सोयीसाठीं धरले आहेत; प्रत्येकानें त्या जागीं आपले घालावे. धरा कीं स्थिर घर ३६,००० पौंडांना पडलें आणि करार १५ वर्षांचा आहे. शेवटीं हातीं कांहीं उरणार नाहीं असें समजलें तर दरसाल २,४०० पौंड झिजले. जागाभाडें ५,००० पौंड. वीज, गॅस, विमा आणि हिंवाळ्याची तयारी मिळून १,००० पौंड. एकूण वर्षाचे ८,४०० पौंड. आतां फिरती कॅराव्हॅन. तिची आजची किंमत ८,००० पौंड आणि ती आणखी ८ वर्षें चालेल असें धरलें तर दरसाल १,००० पौंड झिजले. हिंवाळ्यांत ती ठेवण्याच्या जागेचें भाडें ६०० पौंड. विमा, टायर, वार्षिक तपासणी व ओल शिरली आहे कीं काय हें पाहणें, मिळून ७०० पौंड. ओढण्यामुळें जादा लागणारें इंधन ५०० पौंड. हे २,८०० पौंड झाले. आणि तळावरच्या प्रत्येक रात्रीचें भाडें ३० पौंड.

वर्षांतून ३५ रात्री बाहेर काढल्या तर फिरत्या घरांतली रात्र ११० पौंडांना पडते आणि स्थिर घरांतली २४० पौंडांना. ६० रात्री काढल्या तर हाच हिशेब सुमारें ७७ आणि १४० पौंड असा होतो. १०० रात्रींना ५८ आणि ८४. मोठी मोटार बाळगण्याचा खर्च फिरत्या घराच्या नांवें टाकला तर अंतर आणखी कमी होईल, पण बाजू सहसा उलटत नाहीं. करांतही एक फरक आहे. फिरत्या कॅराव्हॅनच्या विक्रीवर २० टक्के कर आहे. २०१२ सालच्या अंदाजपत्रकांत स्थिर घरांवरही तेवढाच बसवावयाचा बेत होता. पुष्कळ विरोध झाल्यावर एप्रिल २०१३ पासून सुट्टीच्या स्थिर घरांवर ५ टक्के कर ठरला. पण विक्रीवरच्या या सवलतीनें भुलून जाऊं नये, कारण खरा खर्च दरसालच्या जागाभाड्यांत आहे. तात्पर्य, काटकसर होते म्हणून कोणी स्थिर घर घेऊं नये. सुख मिळतें म्हणून घ्यावें, आणि त्या सुखाची किंमत आपण जाणूनबुजून देत आहों हें ओळखून घ्यावें.

हा हिशेब मांडतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. सारें कांहीं रात्रींच्या संख्येवर लोंबकळत होतें. आणि नुसत्या संख्येवर नव्हे, तर त्या रात्री कोठें गेल्या यावर. स्नेह्यांना वहींत नोंदी ठेवण्याची संवय आहे. मीं त्यांना लिहिलें, "गेल्या पांच वर्षांच्या वह्या काढ, आणि कोणत्या गांवीं किती रात्री राहिलां तें ओळीनें मांडून पाठीव." पंधरा दिवसांनीं कोष्टक आलें. पांच वर्षांत १८२ रात्री, म्हणजे वर्षाला ३६ च्या सुमारास. स्कॉटलंड, कॉर्नवॉल, लेक डिस्ट्रिक्ट या भागांचीं नांवें होतीं, पण तीं पहिल्या दोन वर्षांत. शेवटच्या दोन वर्षांत निम्म्याहून अधिक रात्री लिंकनशरच्या किनाऱ्याजवळील एकाच शेतांतल्या तळावर गेल्या होत्या. १९६० सालच्या कायद्याच्या सवलतीनें मान्य संस्थांना पांच गाड्यांपर्यंतचे असे छोटे तळ चालवूं देतां येतात, त्यांपैकींच तो एक. स्नेह्यांनीं कोष्टकाखालीं लिहिलें होतें, "मी हिंडतों अशी माझी समजूत होती. वही तसें म्हणत नाहीं."

मग मीं माझें मत कळविलें. तें असें होतें : फिरत्या कॅराव्हॅनच्या मोबदल्यांत स्थिर कॅराव्हॅन घेणें ही लहान घर देऊन मोठें घर घेण्यासारखी गोष्ट दिसते, पण वस्तुतः आपण चाकें विकत असतों. चाकें म्हणजे निघून जाण्याचा अधिकार. तळाचें भाडें वाढलें, शेजार बिघडला, कडा खचूं लागला, पायांनीं दगा दिला, मुलगी दुसऱ्या गांवीं राहावयास गेली, तर चाकें असलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपलें घर घेऊन जातो. ज्याच्याजवळ तीं नाहींत त्याला नव्या भाड्याच्या पत्रावर सही करावी लागते, किंवा मिळेल त्या किंमतीस घर सोडावें लागतें. हा अधिकार कधीं विकूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. ज्याला तो वापरावयाचाच नाहीं त्याला तो निष्कारण सांभाळणें हा खर्चच आहे. पण विकतांना आपण काय विकतों तें ठाऊक असावें, आणि त्याचा मोबदला करारांत वर्षांच्या रूपानें लेखी मिळावा.

म्हणून स्थिर घर घेऊं पाहणारानें सही करण्यापूर्वीं कांहीं गोष्टींचें लेखी उत्तर मिळवावें. या जागेवर हें घर नक्की कोणत्या सालापर्यंत ठेवतां येईल? जागाभाडें कोणत्या हिशेबानें वाढेल, आणि गेल्या पांच वर्षांत प्रत्यक्ष किती वाढलें? घर बाहेरच्या माणसाला विकतां येईल काय, दलाली किती, आणि विकत घेणाराला करारांतलीं उरलेलीं वर्षें मिळतील काय? वसाहत वर्षांतून किती दिवस बंद असते? गॅस आणि विमा वसाहतीकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती आहे काय? आपल्या पश्चात् मुलांच्या नांवें करार होईल काय? आणि वसाहतीचा मालक बदलला तर या अटींचें काय होईल? तोंडी उत्तरें गोड असतात. तीं घरीं आणतां येत नाहींत. शिवाय जेथें घर घ्यावयाचें त्याच वसाहतींत एक आठवडा भाड्यानें राहून पाहावें, आणि तोही जूनमध्यें नव्हे, ऑक्टोबरांत. पाऊस लागला आहे, दुकानें मिटलीं आहेत, समुद्र करडा झाला आहे, अशा दिवसांत ती जागा आवडली तर ती खरोखर आवडली.

या दोहोंच्या मध्यें एक वाट आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहींत. फिरती कॅराव्हॅन मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच तळावर उभी करण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं मिळते. हंगामाचें भाडें एकरकमी द्यावयाचें. वसंतांत एकदां न्यावयाची आणि शरदांत एकदां आणावयाची. मधल्या काळांत हलक्या मोटारीनें, किंवा आगगाडीनेंही, जातां येतें. स्थिर घराचें निम्मेंअधिक सुख मिळतें आणि चाकें आपलींच राहतात. पुढल्या वर्षीं नको वाटलें तर जागा सोडावी, एवढेंच. ज्यांचा निर्णय होत नाहीं त्यांनीं निदान एक हंगाम या वाटेनें जाऊन पाहावें, म्हणजे चूक झाली तरी ती एका हंगामाची होते, पंधरा वर्षांची होत नाहीं.

माझ्या स्नेह्यांनीं दोन्ही प्रयोग केले. लिंकनशरमध्यें हंगामाची जागा घेतली, आणि ऑक्टोबरांत शेजारच्याच एका वसाहतींत आठवडाभर स्थिर घर भाड्यानें घेतलें. त्यानंतरचें पत्र वहिनींच्या हातचें होतें. त्यांनीं लिहिलें होतें : "भाऊजी, घर फार सुरेख होतें. पण तिसऱ्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं मला मोठें घर नको होतें. मला गाडीच्या मागें उभें राहून यांना हांका मारावयाच्या नव्हत्या, आणि एके दिवशीं माझ्या हांकेनें चूक होईल ही भीति मनांत बाळगावयाची नव्हती. वर्षांतून दोनदांच न्यावयाची असेल तर ओढून नेणारा माणूस भाड्यानें मिळतो म्हणे. मग कॅराव्हॅन राहूं द्या." खालीं स्नेह्यांनीं दोन ओळी जोडल्या होत्या : "चाकें विकलीं म्हणजे म्हातारपणावर सही केली असें मला वाटत होतें, म्हणून मला तें पटत नव्हतें. आतां दुसऱ्याच्या हातीं सुकाणू देऊन सहीही झाली आणि चाकेंही राहिलीं."

पुढल्या वर्षीं ते सत्तर वर्षांचे होतील. तेव्हां पुन्हां वह्या काढून हिशेब मांडावयाचा असें त्यांचें ठरलें आहे. त्या वेळीं उत्तर निराळें येईलही. त्यांच्याच ओळखीच्या एका जोडप्यानें स्थिर घर घेतलें. तीं दोघे वर्षांतून शंभराहून अधिक रात्री तेथें काढतात, त्यांचीं नातवंडें प्रत्येक सुट्टींत तेथें येतात आणि त्यांच्या करारांत अजून अठरा वर्षें आहेत. त्यांच्यापुरता तो निर्णय योग्यच होता. एकाच प्रश्नाचीं दोन खरीं उत्तरें असूं शकतात. फक्त प्रत्येकानें तें आपल्या वहींतून काढावें, विक्रेत्याच्या पुस्तिकेंतून नव्हे.

आमचे वडील चाळींतली खोली दाखवून म्हणत, "भिंती आपल्या आहेत, पण उंबऱ्याखालीं काय आहे तें विसरूं नका." तें वाक्य मीं स्नेह्यांना पत्रांत लिहून पाठविलें होतें. त्यांनीं तें कॅराव्हॅनच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविलें आहे, असें वहिनी कळवितात.